सहावी येणार म्हणे, बे!

मागच्या अंकात शेवटी चार ओळींची जागा उरली होती, म्हणून मी लिहून टाकलं, "नव्या आवृत्तीबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा." नको लिहायला होतं. एरवी या सदराला महिन्याला सहा-सात पत्रं येतात. त्यातली दोन बुद्धिबळाची, एक हमखास मेंढीकोटातल्या भांडणाचं. या वेळी पिशवी भरली आणि सगळ्यांचा सूर एकच: ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची सहावी आवृत्ती येतेय म्हणे, खरं का?

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांनी पान उलटलं तरी चालेल, पण एवढं वाचून उलटा. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. काही अवघड करायचं म्हटलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. पट नाही, सोंगट्या असल्या तर असल्या. नियमांचं पुस्तक मात्र जाडजूड, आणि काही वर्षांनी ते नव्याने निघतं. भांडणं तिथूनच लागतात.

मी कोण, ते जुन्या वाचकांना माहीत आहे. सोलापूरच्या पूर्व भागात चादरींचे नक्षे काढतो, तीस वर्षं झाली. ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन रंगवत मोर उभा करायचा, हे माझं पोट. रविवारी त्याच कागदाच्या मागच्या बाजूला तळघराचा नकाशा; तिथं एक चौकोन म्हणजे पाच फूट. एकदा गडबडीत मोराऐवजी तळघर पंचिंगला गेलं होतं. मागाची भोकांची कार्डं पाडायच्या आधी सापडलं. खरं सांगायचं तर चादर बरी दिसली असती.

काका, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शिकवण्या घेऊन पैसे साठवलेत, त्यातून २०२४ ची तिन्ही पुस्तकं घ्यायची आहेत. मित्र म्हणतो, थांब, पुढच्या दिवाळीत सहावी येतेय, पैसे पाण्यात जातील. घेऊ की थांबू? – जुळे सोलापूर

घे. पण तिन्ही एकदम नको. कारण सांगतो, बस जरा.

मी स्वतः पोळलेला माणूस आहे. तिसरी आवृत्ती २००० साली आली. मी २००२ ची दिवाळी होईपर्यंत पैसे जमवले आणि अमेरिकेहून येणाऱ्या चुलतभावाला तिन्ही पुस्तकं आणायला सांगितली. तो २००३ च्या मे महिन्यात आला. मी पुस्तकांना खाकी कव्हरं घातली, नावं घातली, आणि जुलैत साडेतीन आली. साडेतीन म्हणजे आवृत्तीचा आकडा. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मुहूर्त आहे का रे?" चूक माझीच, कुणाला विचारलं नव्हतं. पण पुढचं ऐक: त्याच खाकी पुस्तकांवर आम्ही नऊ वर्षं खेळलो. साडेतीनमधले बदल पेन्सिलीने समासात लिहिले. पैसे पाण्यात गेले म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता तुझ्या मित्राच्या दिवाळीचं. गड्ड्याची यात्रा नुकतीच झाली. डिसेंबर लागला की आपल्याकडे गल्लीगल्लीत वेगळी बातमी असते, यंदा एवढा उंच पाळणा येतोय, तसली सर्कस येतेय. आमचे वडील कुणाशी वाद घालत नसत. होम मैदानावरून सायकल काढायची आणि खांब रोवलेत का बघायचं. खांब दिसले तर पाळणा आला, नाहीतर घरी येऊन जेवायचं.

आवृत्तीचेही खांब असतात. सगळ्यात मोठा खांब म्हणजे कंपनीने, म्हणजे विझार्ड्स ऑफ द कोस्टने, स्वतः केलेली घोषणा. तिसरी आवृत्ती १९९९ च्या ऑगस्टमध्ये जेन कॉनच्या मेळ्यात जाहीर झाली, पुस्तक आलं २००० च्या ऑगस्टमध्ये. चौथी २००७ च्या ऑगस्टमध्ये जाहीर, २००८ च्या जूनमध्ये हातात. पाचवीची बातमी २०१२ च्या जानेवारीत आणि खेळाडूंचं पुस्तक २०१४ च्या ऑगस्टमध्ये. आत्ताची २०२४ ची, ती २०२२ च्या ऑगस्टमध्ये ‘वन डी अँड डी’ या नावाने जाहीर झाली होती. म्हणजे घोषणा झाल्यावरही सगळ्यात घाईत दहा महिने, आणि निवांत असले तर अडीच वर्षं. मी हे लिहितोय तोवर सहावीची घोषणा झालेली नाही. मग पुढच्या दिवाळीत ती येणार कुठून? मित्राला एवढंच विचार, खांब कुठंय?

दुसरा खांब चाचणीचा. पाचवीपासून नियम आधी लोकांच्या हातात फुकट देतात आणि खेळून सांगा म्हणतात. पाचवीच्या वेळी पावणेदोन लाखांवर लोकांनी असं खेळून कळवलं होतं. त्यामुळे आता चाचणीचं चार पानांचं काही बाहेर आलं की लगेच बोंब उठते, आली रे आली. चार पानांत काय आहे ते बघायचं. चेटक्याचा नवा उपप्रकार, एखादा नवा मंत्र, असलं असेल तर ते नेहमीचं. चालू आवृत्तीच्या पुरवण्यांसाठी चाललेलं असतं. योद्धा, पुरोहित, मांत्रिक हे पात्रांचे मूळ वर्गच उसवून पुन्हा शिवायला घेतलेत असं दिसलं, तर कान टवकारायचे.

आणि चाचणीत दिसलं म्हणजे पुस्तकात आलं असंही नाही. २०२२ च्या पहिल्या चाचणीत राक्षसांचा ‘क्रिटिकल हिट’ (वीस पडले की बसणारा जबर वार) काढूनच टाकला होता. आमच्या टेबलावर दोघं नाचले, मी उपास धरल्यासारखा बसलो. पुढं तो बदल गुंडाळला गेला. २०२३ मध्ये वॉरलॉकची, म्हणजे सौदा करून जादू मिळवणाऱ्याची, जादूच बदलून बघितली, पॅलाडिनसारखी (हा धर्मवीर योद्धा) अर्धी-मुर्धी केली. लोकांना रुचलं नाही, तेही परत गेलं. या खांबावर पाळणा चढतो, उतरतोसुद्धा.

तिसरी खूण मला सगळ्यात आवडते, कारण ती आमच्या धंद्यातली आहे. मोठ्या चादरीवर नवा नक्षा घ्यायच्या आधी नॅपकिनवर घेऊन बघतात. बाजारात चालला तर चादर. चौथी यायच्या दोन वर्षं आधी, २००६ मध्ये, ‘बुक ऑफ नाइन स्वोर्ड्स’ नावाची एक पुरवणी आली, त्यात तलवारबाजांना मांत्रिकांसारखे डाव दिले होते. दोन वर्षांनी चौथीत सगळ्यांनाच तसे डाव मिळाले. २०२० च्या नोव्हेंबरमधल्या ‘टाशाज कॉल्ड्रन’मध्ये पात्राच्या वंशाचे (बुटका, एल्फ असे) गुण हवे तिथे वळवायची मुभा दिली, २०२४ मध्ये ते गुण वंशातून काढून थेट पार्श्वभूमीकडे, म्हणजे पात्राच्या आधीच्या धंद्याकडे, दिले. पुरवणीत एखादी गोष्ट "हवी तर वापरा" म्हणून येते तेव्हा तिच्यावर बोट ठेवून जा. माझ्या चोपडीत अशा बोटांचे ठसे आहेत.

तर खरेदी. खेळाडूंचं पुस्तक घे. ते पन्नास डॉलरचं, म्हणजे आपल्याकडे चार हजारांच्या वर जातं. कंपनीनेही तिन्ही एकदम दिली नव्हती: खेळाडूंचं २०२४ च्या सप्टेंबरमध्ये, डीएमचं नोव्हेंबरात, राक्षसांचं २०२५ च्या फेब्रुवारीत. तूही तसंच कर. राक्षसांसाठी नियमांचा मोफत दस्तऐवज उतरवून घे, शेकडो राक्षस आहेत त्यात. ते मारून संपले की मला कळव.

सर, मी हिशोब केला. दुसरी १९८९, तिसरी २०००, साडेतीन २००३, चौथी २००८, पाचवी २०१४, नवी २०२४. मधली अंतरं ११, ३, ५, ६, १०. सरासरी बरोबर ७. म्हणजे सहावी २०३१ ला. पैज लावू का? – विजापूर रोड

बेरीज बरोबर, भागाकार बरोबर, पैज लावू नका. तुमच्याच आकड्यांत बघा, सात कुठं आहे? सातव्या वर्षी एकही आवृत्ती आलेली नाही. सोलापूरचं मे महिन्यातलं आणि जानेवारीतलं तापमान मिसळून सरासरी काढली तर त्या आकड्याचा शर्ट शिवून घालता येत नाही, तसं आहे हे.

प्रत्येक अंतराची कथा वेगळी. अकरा वर्षांच्या मध्ये जुनी कंपनी, टीएसआर, कर्जात बुडाली आणि १९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टने ती विकत घेतली. नवी आवृत्ती कोण काढणार होतं? तीन वर्षांचं अंतर डागडुजीचं. चौथी लवकर गेली, कारण निम्मं गिऱ्हाईक उठून शेजारच्या दुकानात गेलं. पैझो नावाच्या कंपनीने साडेतीनचेच नियम घासून २००९ मध्ये ‘पाथफाइंडर’ काढलं होतं आणि लोक तिकडे रमले. पाचवी दहा वर्षं टिकली, कारण ती खपत होती. खपणारा नक्षा कुणी बदलत नाही. आमच्याकडे एक फुलांचा आहे, १९९८ पासून चाललाय. मला बघवत नाही, पण चाललाय.

म्हणून वर्षं मोजू नका. लोक कंटाळलेत का, ते बघा.

भाऊ, माझा मुलगा नववीत आहे. रविवारी फासे घेऊन मित्राकडे जातो. जुगार तर नाही ना? आणि आता म्हणतो, नवं पुस्तक हवं, जुनं चालत नाही. शाळेच्या गाईडसारखा हा प्रकार आहे का? – साखर पेठ

ताई, पैसा लागत नाही. लागते ती कडक भाकरी आणि शेंगा चटणी, आणि ती पाच पोरं मिळून डबा कसा फस्त करतात ते एकदा बघा.

गाईडचं म्हणाल तर, थोडं आहे तसं. नाही म्हणून तुम्हाला फसवणार नाही. खेळाडूचं पुस्तक टेबलावरचा प्रत्येक जण घेतो, बाकीची पुस्तकं फक्त डीएम घेतो. काही वर्षांत ज्याला पहिलं हवं होतं त्याच्याकडे ते पोचलेलं असतं. मग कंपनीने विकायचं काय? नवी आवृत्ती. पण सगळंच तसं नाही. लाखो लोक दहा वर्षं खेळले की कुठं शिवण उसवते ते कळतं, आणि ते शिवायलाच हवं. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी पहिल्यांदा हा खेळ काढला तेव्हा तीन पुस्तिकांचा एक डबा होता, पहिल्या खेपेला हजार डबे, घरी बसून भरलेले. त्यातले नियम वाचलेत तर कळेल, दुरुस्तीची गरज होती.

तुमच्या मुलाचं "जुनं चालत नाही" मात्र खरं नाही. चालतं. टेबलावर एक पुस्तक असलं की पाच जणांचं भागतं, आणि मूळ नियम फुकट मिळतात. त्याला म्हणा, आधी आहे ते पुस्तक फाटू दे.

रद्दीच्या दुकानात इंग्रजी मासिकांच्या गठ्ठ्यात दुसऱ्या आवृत्तीचं खेळाडूंचं पुस्तक मिळालं, चाळीस रुपयांना! पण त्यात ‘थॅको’ म्हणून काहीतरी आहे आणि चिलखत जितकं भारी तितका आकडा कमी. डोकं फिरलं. नव्या आवृत्तीत हे परत येईल अशी अफवा आहे, खरं का? – मुरारजी पेठ

चाळीस रुपयांना! कुठलं दुकान ते मला वेगळं पत्र लिहून कळवा. हे मी सदराचा लेखक म्हणून सांगत नाहीये.

थॅको परत येत नाही, निश्चिंत राहा. पण त्याला घाबरू पण नका. मी १९९३ मध्ये पुण्याला वसतिगृहात त्याच्यावरच शिकलो. थॅको म्हणजे समोरच्याच्या चिलखताचा आकडा शून्य असेल तर त्याला लागायला तुम्हाला किती पडायला हवेत. समजा तुमचा थॅको १८ आणि समोरच्याचं चिलखत ३. अठरातून तीन गेले, पंधरा. फाशावर पंधरा किंवा जास्त पडले की वार लागला.

२००० मध्ये तिसऱ्या आवृत्तीने हे उलटं केलं. तेच चिलखत आता १७ आणि तुमचा हल्ल्याचा बोनस दोन. सतरातून दोन गेले, किती? पंधरा. तेच! फासा तोच, शक्यता तीच. फक्त आधी मनात वजाबाकी करावी लागायची, चिलखत शून्याखाली गेलं तर उणे आकडा वजा करावा लागायचा आणि निम्मं टेबल बोटं मोजत बसायचं. आता फासा टाका, बोनस मिळवा, आकड्याला पोचलात का बघा. नव्या आवृत्तीची खरी सुधारणा कशी असते ते यावरून कळतं. खेळ बदलला नाही, हिशोब करणाऱ्याचा घाम वाचला.

आमच्यात एक पॉवरलूमवाले आहेत, साठीचे, ते अजून थॅकोनेच मोजतात आणि आमच्यापेक्षा आधी उत्तर देतात. त्यांना कुणी सुधारू नये.

दादा, आमच्या ग्रुपमध्ये तीन जण २०१४ च्या पुस्तकावर आणि दोघं २०२४ च्या. कंपनी म्हणते दोन्ही एकत्र चालतं. आमच्यात दर रविवारी मारामारी. शेवटी एक जण म्हणाला, सहावी येईपर्यंत खेळच बंद ठेवू. काय करावं? – अशोक चौक

खेळ बंद ठेवू म्हणणाऱ्याला पुढच्या रविवारी भजी आणायला लावा.

एकत्र चालतं हे खरं आहे, पण जुनी आणि नवी बस एकाच रस्त्यावर चालतात तसं. दारं वेगवेगळ्या बाजूला असतात. आम्हीही अडकलो होतो. दीड वर्षात जे ठरलं ते लाल चोपडीत लिहिलंय, त्यातलं कामाचं देतो.

एका पात्राने एकच पुस्तक धरायचं. निम्मं इकडचं, निम्मं तिकडचं केलं की गडबड होते, आणि ती गडबड करणाऱ्याच्याच फायद्याची कशी होते हे मला अजून कळलेलं नाही. उदाहरणार्थ २०१४ मध्ये बुटक्याला वंशामुळे काटकपणात दोन मिळतात. २०२४ मध्ये तेच गुण पार्श्वभूमीतून मिळतात. आमच्यातल्या एकाने जुना बुटका आणि नवी पार्श्वभूमी घेऊन दोन्हीकडून वसूल केले. वर "पुस्तकात आहे" म्हणाला. पुस्तकात हेही आहे की जुना वंश घेतला तर त्याचे गुण सोडायचे. ते पान त्याने उघडलं नव्हतं.

मंत्र मात्र सगळ्यांचे नव्या पुस्तकातले. नाहीतर जखम भरायचा एकच मंत्र एकाच्या हातून एक आठबाजूचा फासा भरतो आणि दुसऱ्याच्या हातून दोन, आणि जखमी माणूस वैद्य निवडत बसतो. औषधाची बाटली प्यायला नव्यात बोनस कृती (पाळीतली छोटी जादा हालचाल) पुरते, जुन्यात आख्खी कृती जायची. नवीन घ्या, कुणी तक्रार करणार नाही. बेसावध गाठलं तर जुन्यात समोरच्याची पाळीच बुडायची, नव्यात फक्त त्याचा पाळीचा क्रम ठरवणारा फासा वाईट पडतो. इथं आमच्यात मतदान झालं, तीन विरुद्ध दोन, नवीन. हरलेल्या दोघांनीही पुढच्याच आठवड्यात अंधारात मार खाल्ला आणि नव्या नियमामुळे वाचले.

पॅलाडिनचा तडाखा हा खरा काटा. जुन्यात तो एका पाळीत जितके वार लागतील तितक्यांवर तडाखा चढवू शकायचा. नव्यात तो मंत्र झाला, बोनस कृती खातो, म्हणजे पाळीला एकदाच. आमचा पॅलाडिन हा माझा मेव्हणा. त्याला हे सांगायची वेळ आली तेव्हा मी घरातल्यांकडे बघितलं, घरातल्यांनी माझ्याकडे. शेवटी ठरलं, त्याचं पात्र जुन्या पुस्तकाचं आहे तोवर जुना तडाखा. ते मेलं की नवं. तेव्हापासून तो इतका जपून खेळतो की पॅलाडिन दाराबाहेर उभा असतो आणि मांत्रिक आत जातो.

आणि शस्त्रांची ‘मास्टरी’ नवीनच आहे, योद्ध्याला प्रत्येक हत्याराची एक खुबी: कुऱ्हाडीने पाडणं, हातोड्याने ढकलणं. जुन्या योद्ध्यांनाही देऊन टाका. दहा वर्षं बिचारे "मी मारतो" एवढंच म्हणत बसले होते.

सर, सगळं ऑनलाइन होणार, सहावी छापणारच नाहीत असं ऐकलं. – होटगी रोड

विझार्ड्सची मालक कंपनी हॅस्ब्रो, तिने २०२२ मध्ये ‘डी अँड डी बियाँड’ हे संकेतस्थळ चौदा कोटी त्रेसष्ट लाख डॉलरला घेतलं, तेव्हापासून हे ऐकतोय. त्यानंतर काय झालं बघा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिथले जुने मंत्र पुसून नवे टाकायचं ठरलं होतं. लोक खवळले, निर्णय फिरवला. ‘सिजिल’ नावाचं त्रिमितीय ऑनलाइन टेबल २०२५ च्या फेब्रुवारीत आलं आणि मार्चमध्ये ते बनवणाऱ्यांतल्या बहुतेकांना घरी पाठवलं. पुढं काय होईल ते होवो. आपल्याकडे रविवारी संध्याकाळी लाइट जाते, तेव्हा मेणबत्तीत वाचता येईल असं काहीतरी घरात असू द्या.

मी भुईकोट किल्ल्याच्या तळघरात घडणारी एक मोहीम मराठीत लिहिली आहे, छापून विकायची आहे. पण म्हणतात, नवी आवृत्ती आली की कंपनी जुना परवाना रद्द करते. भीती वाटते. – एक कॉलेजकन्या

ही अफवा अर्धी खरी होती, म्हणून नीट सांगतो. २००० पासून एक खुला परवाना होता, त्यावर कितीतरी लोकांनी आपापली पुस्तकं काढली. २०२३ च्या जानेवारीत नव्या परवान्याचा मसुदा फुटला. जुना परवाना बाद, आणि वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर विक्री झाली तर वाटा द्या, असं त्यात होतं. मी तेव्हा या पानावर "अफवा आहे, झोपा" असं लिहायला निघालो होतो. संपादकांनी दोन दिवस थांबा म्हटलं, म्हणून अब्रू वाचली. अफवा नव्हती.

पण पुढचं बघ. इतका गदारोळ झाला की कंपनी मागे आली आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला पाचवीच्या मूळ नियमांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्स या, कुणालाही वापरता येईल अशा, खुल्या परवान्याखाली दिला. तो परत घेता येत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये नव्या नियमांचाही तसाच दिला. सहावी, सातवी, दहावी येऊ दे, तुझ्या पुस्तकाला धक्का लागत नाही. श्रेयाचं वाक्य त्यांनी सांगितलंय तसं छाप, मुखपृष्ठावर त्यांचं नाव आणि चिन्ह वापरू नकोस, आणि बिहोल्डर, माइंड फ्लेअर या त्यांच्या खास राक्षसांना किल्ल्यात आणू नकोस. ते त्या दस्तऐवजात नाहीत. तुला त्यांची गरजही नाही. खंदकातल्या मगरी आणि तळ्यावरून येणारं धुकं आहे की.

पुस्तक झालं की एक प्रत इकडे. विकत घेईन.

काका, बाकीच्यांचं जाऊ द्या. सहावीत काय असेल, तुमचा अंदाज? – सात रस्ता

वीस बाजूंचा फासा राहील. ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण, छाप, हे सहा गुण १९७४ पासून आहेत, तेही राहतील. त्यांचे तीन ते अठरा हे आकडे आता नुसते शोभेचे झालेत, खेळात लागतो तो त्यातून निघणारा बोनस. पाथफाइंडरने २०२३ मध्ये आकडे काढून नुसते बोनस ठेवलेसुद्धा. इथं ते धाडस होणार नाही असं मला वाटतं. "माझी ताकद अठरा आहे" हे म्हणण्यात जी मजा आहे ती "माझी ताकद अधिक चार आहे" यात नाही.

आणि माझी पैज अशी, की ‘सहावी’ कधी येणारच नाही. पुस्तक येईल, नियम बदलतील, पण तो आकडा टाळतील. २०२४ मध्ये एवढी डागडुजी करूनसुद्धा कंपनी "हीच पाचवी" म्हणत राहिली, कारण आकडा बदलला की माणूस घरातल्या कपाटाकडे बघतो आणि थबकतो. हरलो तर शेंगा पोळी, आख्ख्या ग्रुपला. ही पैज फक्त सात रस्त्याच्या वाचकाशी आहे, बाकीच्यांनी डबे घेऊन येऊ नये.

नवीन आवृत्तीत ड्रॅगन मरतो का? – इयत्ता चौथी, बाळे

बाळा, तो प्रत्येक आवृत्तीत मरतो. आमचा मात्र गेले सात रविवार मरत नाहीये. त्याचे एकाहत्तर पॉइंट उरलेत, पॅलाडिन दाराबाहेर आहे आणि आमच्या मांत्रिकाची दहावीची प्रिलिम चालू आहे.